पोर लांब द्यायची नाही

कंपनीच्या कामासाठी मी दर आठवड्याला दुबईला जाऊन येतो. त्यातला दमवणारा भाग म्हणजे माझ्या घरापासून कैरोच्या विमानतळापर्यंतचा. शहीराचं घर त्याच विमानतळाच्या बाजूला. तिला मागणी घालायला मी आणि आई दुपारीच निघालो, तरी नाईलवरचा गाड्यांनी तुंबलेला पूल ओलांडून पोचेपर्यंत बसबुसा मिठाईच्या डब्यातला सगळा पाक आईच्या मांडीवर उतरला होता.

शहीराचे वडील, वगदीकाका, कॉफी पुढे करत म्हणाले, "मुलगा लाखात एक आहेस रे. पण एकुलती एक पोर इतक्या लांब कशी देऊ? नंतर ती आम्हाला ईदलाच दिसायची."

"काका, आपलं शहर एकच आहे की!"

"असं फक्त पूल बांधणारे म्हणतात. आमच्या खालच्याच मजल्यावर एक दंतवैद्य आहे, त्यानेही विचारलंय."

शहीराने माझ्याकडे असं पाहिलं, की आता बोल, नाहीतर मी एक मजला उतरते.

मी हुकमाचा पत्ता टाकला. "काका, शहीरा तुमच्यापासून लांब जाऊ नये म्हणून तर मी दुबईतली कायमची नेमणूक कालच नाकारली."

आईने अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. काकांचा कप ओठांपाशीच थांबला.



"नाकारलीस? अरे गाढवा, दुबई म्हणजे दुपारी निघालं की रात्रीचं जेवण पोरीकडे! लाव, आत्ताच्या आत्ता साहेबाला फोन लाव!"