आतून न उघडणारे दार

सुज्ञ वाचकहो, मलकापुरात एका भरदुपारी जे घडले, ते मी येथे विनम्रपणे निवेदन करीत आहे. त्याचा उलगडा करण्याचे सामर्थ्य माझ्या लेखणीत नाही.

पलटणीतून निवृत्त झालेले नाथाजी अंगणात आपल्या जुन्या मोटारीचे गंजलेले पत्रे स्वहस्ते बदलीत होते. शेवटी डावीकडचे दार उरले. ते आतून उघडत नसे. त्यांच्या दिवंगत पत्नी शालूबाई तीस वर्षे आतून दोनदा ठोकीत, आणि नाथाजी बाहेरून उघडीत.

“तात्या, पत्रा नवा घातलासा, आता आतलं हँडल बी बसवा की,” शेजारचा धैर्यशील म्हणाला.

“न्हाई रं गड्या. मग दार ठोकंल कोण?”

धैर्यशील हसला आणि जुना पत्रा भंगारात द्यायला घेऊन गेला. नाथाजींनी त्याच्यामागे फाटकाला कडी घातली. त्या पत्र्याबरोबर तो आवाजही गेला की काय?

ते शालूबाईंच्या जागेवर बसले. दार ओढून घेतले आणि नव्या पत्र्यावर दोनदा ठोकले. आवाज कोरा, परका आला. आता बाहेरून उघडायला घरात कोणीही नव्हते.

तेवढ्यात बाहेरून दोनदा ठोकल्याचे ऐकू आले. तोच जुना, गंजक्या पत्र्याचा खुळखुळता आवाज.

नाथाजींनी काचेतून पाहिले. अंगणात रखरखीत ऊन होते. फाटकाला कडी होती.

हँडल फिरल्याचा आवाज झाला आणि दार बाहेरून उघडले.

येथवर वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.
आपला नम्र,
हिंदुराव गणपती थोरात