उन्नतीची हळद

हळद वाटून झाली, उन्नती पाटावर येऊन बसली, आणि पुतळाबाई तोंडात पान धरून गप्प राहिली.

धवलारीन गप्प बसली की हळद अडते. तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची, त्यात नवरीचं, तिच्या गावाचं, आईबापाचं, भावाचं नाव गुंफायचं, आणि ते नाव निघालं की सवाष्णींनी हळदीचा हात लावायचा. खारबावात अख्ख्या गावाच्या लेकींना पुतळाबाईने अशीच हळद लावून दिली होती; सगळं गाव तिला आये म्हणायचं. आज वाट्या घेतलेल्या सवाष्णी तिच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"आये, सुरू कर ना," नवरीचा भाऊ हितेश म्हणाला.

"कशी गाऊ रं? गाना आता तुजा हाय. मी गायले तं चोरी व्हईल." तिने मांडवाच्या खांबाकडे मान वळवली. "न्हाय का रं भूपेश?"

खांबाला टेकलेला भूपेश नुसता हसला. हे हसू त्याने कितीतरी दिवस राखून ठेवलं होतं.

भूपेश दिवसा वडपे गावच्या गोडाऊनात कॉम्प्युटरवर मालाच्या एन्ट्र्या मारायचा आणि घरी आला की हौसेने प्रोग्राम लिहायचा. त्यातही त्याला वेड होतं मोकळ्या सॉफ्टवेअरचं. कुणीही वापरावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं, दुसऱ्याला द्यावं. चहाच्या टपरीवर कुणी तावडीत सापडला की याची गाडी सुरू. "फुकट वेगळं, मोकळं वेगळं," हे त्याचं पालुपद ऐकून लोकांनी त्याचं नावच 'मोकळा भूपेश' पाडलं होतं. गावोगावच्या बायकांचे धवले त्याने त्यांच्याच आवाजात गोळा केले आणि त्यांचं एक ॲप बनवलं. ज्याला हवं त्याने घ्यावं, आपल्या नवरीचं नाव घालावं, पुढे द्यावं. पुतळाबाईने त्याला रात्रंदिवस गाऊन दिलं होतं.

हितेशची भिवंडीत म्युझिक कंपनी. त्याने वडप्याच्या चंद्राच्या लग्नात पुतळाबाईचं गाणं रेकॉर्ड केलं, कंपनीच्या नावावर चढवलं, आणि वर ॲप स्टोअरकडे तक्रार ठोकली की भूपेशच्या ॲपमध्ये आमची गाणी चोरलेली आहेत. ॲप बंद पडलं. म्हातारीच्या गळ्यातलं गाणं म्हातारीनेच चोरलं, असा त्या तक्रारीचा अर्थ. भूपेशने पुतळाबाईला तो समजावून सांगितला होता. मग हितेशच्या बहिणीचं लग्न ठरलं. हितेशचं नाक कापायचं तर ते भरल्या मांडवातच, हे भूपेशने तेव्हाच ठरवून टाकलं.

"नको गाऊस," हितेश चिडून म्हणाला. "गाणं आहे माझ्याकडे."

त्याने फोन स्पीकरला जोडला. पुतळाबाईचा खणखणीत आवाज मांडवात घुमला. समोर बसलेली पुतळाबाई पान चघळत तो ऐकत राहिली. सवाष्णींनी हळदीत बोटं बुडवली, उन्नतीने गाल पुढे केला.

'वडप्याचे चंद्राला हलद लावा गो...'

बोटं वरच्या वर थांबली.

"बंद कर ते," हितेशची आई म्हणाली. "माझ्या पोरीला दुसरीच्या नावाची हलद लावतोस?"

"अगं, नावाचं काय एवढं..."

"मंग नाव बदल."

"रेकॉर्डिंग आहे ते. बदलता येत नाही."

"बदलता येईल असं एक होतं," भूपेश खांबापासून म्हणाला. "तूच बंद पाडलंस."

उन्नतीच्या डोळ्यांत पाणी आलं. भूपेशला ते दिसलं. त्याला तिचं वाईट वाटलं, पण थांबावंसं मुळीच वाटलं नाही.

आईने स्पीकरची वायर उपटली आणि फोन मुलाच्या हातात कोंबला. "ती तक्रार मागं घे. आत्ता, सगल्यांसमोर."

हितेशने इकडेतिकडे पाहिलं. सोयरे बघत होते, मामा बघत होते. खाली मान घालून त्याने बटणं दाबली आणि स्क्रीन भूपेशच्या नाकासमोर धरली. भूपेशने सगळा मजकूर सावकाश वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"मागं घेतली, आये."

पुतळाबाईने पान थुंकलं, पदर सावरला आणि सूर लावला. खारबावची उन्नती आली, तिची आई आली, बाप आला. ती एकेक ओळ गाई आणि सवाष्णी ती परत म्हणत. उन्नतीचे गाल पिवळे झाले, ती रडता रडता हसली. मांडवाने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग भावाची ओळ आली. या जागी भावाचं कौतुक असतं. पुतळाबाईने हितेशकडे रोखून पाहिलं.

'उन्नतीचा भाऊ गो बाजारान गेला,
आयांचा गाना गो इकून आला...'

कुणाला तरी हसू फुटलं. फोन भराभर वर झाले. भूपेशनेही आपला वर धरला.

"ए, रेकॉर्ड नका करू," हितेश धावला. "भूपेश, पूस ते."

"कशाला? मोकळं हाय. कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं."

सवाष्णी ओळ परत म्हणत होत्या. त्यांत सगळ्यांत मोठा आवाज हितेशच्या आईचा होता.