मुदत

“येत्या रविवारी सकाळी वाचनालय सुरू होईल,” असं विमलाबाईंनी वस्तीच्या फळ्यावर लिहिलं, तेव्हा विहाराशेजारच्या त्या खोलीला नुसतं छप्पर होतं. फरशी नव्हती, दार नव्हतं, पुस्तकं खोक्यांतच होती.

वस्तीच्या समितीचे अध्यक्ष सावळीराम प्रेसमधली पाळी संपवून येत होते. फळा वाचून ते सायकलवरून उतरलेच.

“बाई, आपलं दिवाळीचं ठरलं होतं ना?”

“कुठल्या दिवाळीचं, दादा? गेल्या की त्याच्या आधीच्या?”

“पुढच्या. निदान आम्हाला विचारायचं तरी!”

“विचारत बसले तर पोरी दहावी नापास होऊन सासरी जातील.”

विमलाबाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवत. एका खोलीच्या घरात रेडिओ, पाळणा आणि पाहुणे यांच्या गलक्यात पुस्तक उघडून बसलेल्या मुली त्या रोज बघत होत्या. परीक्षा तोंडावर आली होती. रविवारी खोली उघडली नाही, तर वस्तीत आपलंच हसं होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी अक्षरं एवढी मोठी काढली होती.

त्याच संध्याकाळी समिती बसली. संगमरवरी पाटीवर कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावर आजवर प्रत्येक बैठक मोडली होती. आता पाटी कोरायलाच वेळ नव्हता, ती गेली. दारावर ठरलेली कमानही गेली. रंगाऐवजी चुना ठरला.

दुसऱ्या दिवशी झुंबर गवंडी फरशी घालायला बसला. बायांनी पाणी वाहिलं. सावळीराम रजा टाकून दाराला बिजागऱ्या ठोकत होते.

“झुंबर, लय हात चालायला लागला रे!”

“दिवाळीची मुदत असती,” मान वर न करता झुंबर म्हणाला, “तर दिवाळीलाच घमेलं शोधायला निघालो असतो.”

रविवार उजाडला तेव्हा चुना ओलाच होता. मुली भिंतीपासून अंग राखून सतरंजीवर बसल्या आणि लगेच वाचायला लागल्या. सावळीराम भाषणाला उभे राहिले. एकही मान वर होईना. ते तसेच खाली बसले, विमलाबाईंकडे सरकले आणि हळूच म्हणाले,

“बाई, आता गटाराचं काम घ्यायचंय. तारीख तुम्हीच सांगा. जरा जवळचीच धरा.”