गुरुवारची मैफल

"वन्समोअर!" वृद्धाश्रमाचा हॉल दणाणला. गायनाचे निवृत्त प्राध्यापक, एके काळचे संगीत नाटकांतले नायक, सेवा म्हणून दर गुरुवारी इथे फुकट गात. त्यांनी डोळे पुसून तेच पद पुन्हा सुरू केलं.

पद संपवून पाणी प्यायला बाहेर आले, तर दारात फिजिओथेरपिस्ट ताटकळत उभी. "सर, आवरा ना आता! तुमचं गाणं संपलं की मी यांचे गुडघे वाकवायला घेते. फार दुखतं, म्हणून तुम्हाला वन्समोअर देतात. गाणं कोण ऐकतंय?"

पुढच्या गुरुवारी पहिल्याच पदाला वन्समोअर आला. सरांनी पेटी बंद केली, उठून फिजिओथेरपिस्टसाठी दार उघडलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

सगळ्यांत मोठ्याने ओरडणाऱ्या नामजोशीकाकूंचा गुडघा वाकला. त्या किंचाळल्या.

सरांनी टाळ्या वाजवल्या. "वन्समोअर!"