बसून घेतलेलं माप

"हा ठोकळा काढावा लागेल," इन्स्पेक्टर गाडीत डोकं खुपसूनच म्हणाला. "मूळ गाडीत हा नसतो. जुन्या गाड्यांमध्ये नोंद हवी असेल, तर गाडी कारखान्यातून निघाली तशीच पाहिजे."

ती बाजूला उभी होती. तपासणीच्या आवारात सकाळपासून उभीच होती. गाडीतलं तिला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. आज नंबर मिळाला की दुपारी गाडी घेणाऱ्याच्या ताब्यात जाणार होती. तो जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस. एक स्क्रू जरी बदललेला निघाला तरी व्यवहार मोडला, असं त्यानं आधीच बजावलं होतं. ही गाडी गेली की आवराआवर संपली, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाबांचं दुकान रिकामं झालं होतं. घरातली भांडी वाटून झाली होती. आणि मग परदेशातून गाड्या मागवून देणाऱ्या एका एजंटचा फोन आला, की तुमच्या वडिलांची गाडी बंदरात उतरली आहे. कसली गाडी, हे विचारायला बाबा नव्हते.

बाबा शिंपी. जन्मभर लोकांचे कोट शिवले आणि स्वतः सायकलवर हिंडले. कापायच्या टेबलावरच्या भिंतीला एका परदेशी गाडीचं चित्र तेवढं होतं, कॅलेंडरातून कापलेलं. लहानपणी ती त्या चित्राखाली बसून चिंध्या निवडायची. "ही मी चालवणार," म्हणायची. तोंडात टाचण्या धरलेले बाबा नुसतं "हुं" म्हणायचे.

तिचा डावा पाय चार बोटं आखूड. त्या पायानं ती चवड्यावर चालते. दुकानातली तयार पँट घातली की उचललेली टाच उघडी पडते. म्हणून तिच्या सगळ्या पँटी बाबांच्या हातच्या, डावीकडची दुमड जरा खाली सोडलेली. रस्त्यात कुणाला पत्ता लागत नसे. गाडी शिकायला मात्र ती एकदाच गेली. क्लच पुरता दाबायचा तर सीटवरून घसरावं लागायचं. शिकवणारा म्हणाला, "ताई, तुम्हाला आपली रिक्षाच बरी." हसत म्हणाला, म्हणून तीही हसली. घरी येऊन बाबांनाही तिनं तसंच हसत सांगितलं.

शेवटच्या भेटीत बाबांनी तिच्या पँटचं माप घेतलं, ते बसवून. स्टुलावर बसवलं, डावा पाय समोर ताणायला लावला, तळव्याला आपला पंजा टेकवला.

"दाब. अजून दाब."

"बाबा, पँटचं माप बसून कोण घेतं?"

"मास्तर कोण, तू की मी?"

तेव्हा तिला हसू आलं होतं. परतीच्या वाटेवर ते विरलं. ज्या माणसाला नुसत्या चालीवरून गिऱ्हाइकाची कंबर कळायची, तो माणूस माप कसं घ्यायचं ते विसरला होता. पुढे एकदा फोनवर तिनं विचारलं, "पँट कधी होणार?"

"बोटीवर आहे," बाबा म्हणाले.

मग तिनं तो विषय काढला नाही. त्यांच्याशी ती सावकाश आणि मोठ्यानं बोलू लागली, लहान मुलाशी बोलावं तसं. ते गेल्यावर तिनं दुकानातला प्रत्येक गठ्ठा उलगडून पाहिला. तिच्या पँटचं कापड कापलेलंच नव्हतं. आज अंगावर होती ती जुनीच, गुडघ्यावर विटलेली.

"विकणाऱ्यानं फसवलं त्यांना," ती एजंटला म्हणाली. "म्हातारा माणूस, तोही समुद्रापलीकडचा. काहीतरी जोडजाड केलेली गाडी गळ्यात मारली."

एजंट पिशवीत पाना शोधत होता. "फसवतायत कसले, ताई. मास्तरांनीच मागे लागून करून घेतला तो ठोकळा. त्याच्यापायी गाडीची एक बोट चुकली. मी म्हटलं, अहो, तुमच्या तंगड्या बगळ्यासारख्या, तुम्हाला ठोकळा कशाला? तर म्हणाले, माप गिऱ्हाइकाचं आहे, माझं नाही."

ती गाडीच्या दाराजवळ आली.

"कशाला बसवलाय तो?"

"क्लचला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर मूळचेच आहेत."

तिनं इन्स्पेक्टरला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि चालकाच्या जागी बसली. सीटच्या चामड्याला परक्या घराचा वास होता. तिनं डावा पाय पुढे केला. चवडा ठोकळ्यावर अलगद टेकला. तिनं दाबलं. अजून दाबलं. क्लच पार तळाला गेला. तिची पाठ सीटला टेकलेलीच होती.

तिनं पाय उचलला आणि पुन्हा दाबला.

"ठोकळा ठेवलात तर नंबर साधा मिळेल, मॅडम," इन्स्पेक्टर म्हणाला. "मग तुमचा तो घेणारा काही घ्यायचा नाही."

"ठेवतंय कोण? दोन बोल्टांचं तर काम," म्हणत एजंट पाना घेऊन दारापाशी वाकला. "ताई, पाय घ्या जरा."

तिनं पाय काढला नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझी पँट आहे ती. बोटीवर होती."