लाल दोऱ्याची अळी

"पिशवी आज जड आहे हां," रमीज म्हणाला.

अम्माराने मोठ्या भावाकडे पाहिलंच नाही. पवना धरणाच्या काठावर ती मांडीवर गळ घेऊन बसली होती. गळाला तिने माशांना फसवायला लाल दोऱ्याची नकली अळी गुंडाळली होती. नानांच्या, म्हणजे आजोबांच्या, शिलाईच्या दुकानातली जरीची तार अळीला लावली होती, वर मोराच्या पिसाचा तुरा. सकाळपासून एकाही माशाने तिला तोंड लावलं नव्हतं.

नानांचा नियम साधा होता. अळी ज्याची त्याने बांधायची, आणि जो रिकामा राहील त्याने सगळ्यांची पिशवी एसटीपर्यंत वाहायची. रमीजला एक चिलापी मिळाली होती. नाना अजून रिकामेच होते, पण दोघं रिकामे राहिले तर पिशवी लहानाकडे. ती दर रविवारी अम्माराकडेच यायची.

"नाना, तुमची एक अळी द्या ना."

"आधी दगड उचल," अल्लाबक्ष नाना पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. ते नेहमी हेच म्हणायचे.

आज ती उठली. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरली आणि एक दगड उलटा केला. खालच्या गाळात चिलटाची अळी होती. बारीक, लाल, अंगावर काही म्हणजे काही नाही. एकदा वाकडी झाली आणि तशीच पडून राहिली.

अम्मारा बराच वेळ वाकून बघत राहिली. मग तिने दगड होता तसा ठेवला, काठावर आली आणि कात्री घेतली. तुरा गेला. जरीची तार गेली. दोऱ्याचे वेढेही तिने निम्मे उसवले.

"शर्टाचा धागा निघाल्यासारखा दिसतोय," रमीज हसला.

तिने गळ टाकला. तो बुडू दिला. दोरी ओढली नाही, हलवली नाही.

"ओढ की! झोपलीस काय?"

"अळी कुठे पळते?" ती हळूच म्हणाली.

लोहगडावरचं ऊन उतरायला लागलं. पाण्यावर सैल पडलेली दोरी बोटभर बाजूला सरकली. अम्माराने गळाची काठी उचलली, आणि काठी कमानीसारखी वाकली. रमीज जाळी घेऊन धावला तेव्हा त्याला हसायची आठवण राहिली नव्हती. वर आलेली चिलापी त्याच्या चिलापीच्या दुप्पट होती.

नानांनी माशाच्या ओठातून गळ अलगद सोडवला. दोऱ्याची अळी तळहातावर घेतली, चष्मा वर करून निरखली. मग आपल्या दोरीची अळी कापून खिशात टाकली.

"अजून अंधार पडायला वेळ आहे," ते म्हणाले. "अशी एक मला बांधून दे, बेटा. नाहीतर पिशवी माझ्याकडे."

अम्माराने कात्री त्यांच्या हातात दिली.

"आधी दगड उचला, नाना."

 नानांनी चपला काढल्या आणि पायजमा वर दुमडायला घेतला.