भिंतीवरचे निळे ताट

पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडल्यापासून माझी पत्नी ओयदिन आणि शेजारीण तोजिखोन एकमेकींशी बोलत नव्हत्या. तरीही उन्हाळाभर दोन परसांमधल्या भिंतीवरून एक निळे ताट रोज भाजीने भरून ये-जा करत होते.

"त्या बाईचं ताट एक दिवसही घरात नको मला," ओयदिन म्हणे. "पण रिकामं कसं पाठवू? मार्गिलान शहरभर सांगत फिरेल!" मग ती त्यात टोमॅटो रचून ते भिंतीवर ठेवी. दुसऱ्या दिवशी ते वांग्यांनी भरून परत येई आणि पलीकडून तोजिखोन आपल्या शेळीला मोठ्याने सांगे, "लोकांची वस्तू ठेवून घ्यायची सवय नाही हो आम्हाला!"

जुलैत काकड्यांचा बहर आला, तसा ढीग वाढला. ऑगस्टमध्ये भोपळे सुरू झाले.

"अगं, खाणारी माणसं दोनच आहेत इथे," मी म्हणालो.

"खा मुकाट्याने. प्रश्न माझ्या अब्रूचा आहे."

सप्टेंबरात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मास्तुरा ओपा, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मास्तुराताई, आल्या आणि भिंतीपाशी थबकल्या. "सापडलं गं बाई एकदाचं!" असे म्हणत त्यांनी ते ताट टोमॅटोंसकट उचलले आणि घरी नेले.



मार्चमध्ये नवरोजच्या सणाला मास्तुरा ओपांनीच ते ताट दोन्ही घरांसाठी तंदुरात भाजलेले सामसे भरून भिंतीवर ठेवले होते. तेव्हापासून दोघीही ते दुसरीचे समजून परत करत होत्या.